दोन सीए फर्म एकत्र यायचं म्हणतायत? पहिल्या मीटिंगच्या आधीची तयारी

टॅक्स ऑडिटचा धुरळा खाली बसला, दिवाळी झाली, की एखाद्या ओळखीच्या सीएचा फोन येतो, "अरे एकदा निवांत भेटू, एकत्र काही करता येतंय का बघू." ज्यांनी हे आधी कधी केलेलं नसतं ते एक तर हुरळून जातात आणि पहिल्याच जेवणात नवीन फर्मचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत पोचतात, नाहीतर दडपण येऊन विषयच टाळतात. आमची सांगलीची तीन पार्टनरची फर्म. पहिल्यांदा बोलणी केली ती पाच महिने चालली आणि मोडली, तीन वर्षांनी दुसऱ्यांदा केली ती जमली, आणि दोन्ही वेळा समोरची माणसं चांगलीच होती, आमची तयारी तेवढी पहिल्यांदा नव्हती. म्हणून हे लिहितोय, ज्यांची पाच-दहा माणसांची प्रॅक्टिस आहे आणि असा विषय पहिल्यांदाच निघालाय त्यांच्यासाठी. पार्टनरशिप डीड, फर्मचं व्हॅल्युएशन, इन्स्टिट्यूटचे (म्हणजे सीएंची संस्था, आयसीएआय) फॉर्म हे सगळं नंतरचं, इथं फक्त पहिल्या दोन-तीन भेटींपर्यंतचं सांगतो.

आधी स्वतःच्या घरात बसा

पहिली मीटिंग आपल्याच पार्टनरांबरोबर करायची. हे ऐकायला अगदी उघड वाटतं पण आम्ही ते केलं नव्हतं, रोज एकाच टेबलावर डबा खातो तर वेगळं काय बोलायचं असं वाटायचं. आमचे सीनियर सर तेव्हा ६१ वर्षांचे, चहाच्या वेळी अधूनमधून म्हणायचे की आता दोन वर्षं, बास झालं, आणि मी ते खरं धरून समोरच्या फर्मला सांगून मोकळा झालो की सर दोन वर्षांत थांबणार, त्यांची ऑडिटं आपल्या सगळ्यांत वाटली जातील. तिसऱ्या भेटीत समोरच्या एका पार्टनरनं अतिशय आदरानं सरांनाच विचारलं, "सर, हँडओव्हर कधीपासून सुरू करायचा तुमच्या डोक्यात आहे?" सर माझ्याकडं बघत म्हणाले, "हँडओव्हर? मी कुठं चाललोय?" त्यानंतर त्या खोलीत कुणाला काही सुचेना. समोरच्यांचं अर्धं गणितच त्या ऑडिटांवर उभं होतं, आणि सरांना वाटलं मी त्यांना परस्पर घरी बसवलं. ती चूक माझी होती आणि सरांची समजूत काढायला मला बरेच दिवस लागले.

म्हणून आता मी सगळ्यांना हेच सांगतो, की प्रत्येक पार्टनरनं वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, कागदावर उत्तरं लिहायची. मी अजून किती वर्षं पूर्ण वेळ काम करणार. महिन्याला घरी किती पैसे नेल्याशिवाय माझं भागत नाही. फर्मचं नाव गेलं तर मला चालेल का, अगदी खरं सांगायचं. माझा मुलगा किंवा मुलगी सीए करतेय का आणि तिला इथं आणायचं माझ्या मनात आहे का (हा प्रश्न लोक लाजून सोडतात आणि पुढं नेमकं यावरच फाटतं). आणि शेवटचं, मला हे एकत्र येणं कशासाठी हवंय. मग एका रविवारी कागद एकमेकांना द्यायचे आणि शांतपणे वाचायचे. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर समोरच्यांना अजून फोन करू नका, आधी आपलं मिटवा. तुम्ही एकटेच प्रोप्रायटर असाल तर हाच कागद घरी नवऱ्याशी किंवा बायकोशी बोलून भरा, कारण गाव बदलायचं, पहिली दोन वर्षं फर्ममधून कमी ड्रॉइंग (उचल) घ्यायचं, हे निर्णय एकट्याचे नसतात.

जगातल्या मोठ्या फर्मवरसुद्धा ही वेळ आलेली आहे बरं का. १९८९ मध्ये डेलॉइट हास्किन्स अँड सेल्स आणि टूश रॉस एकत्र यायचं ठरलं, पण ब्रिटनमधल्या डेलॉइटच्या फर्मनं त्यात न जाता कूपर्स अँड लायब्रँडशी हात मिळवला, आणि त्यामुळं काही काळ तिकडं डेलॉइट हे नाव कूपर्सच्या पाटीवर होतं. वरच्यांनी ठरवलं म्हणून प्रत्येक ऑफिसातला पार्टनर मागोमाग येतोच असं नाही.

कशासाठी, हे एका वाक्यात

आपल्याकडं कारणं साधारण ठरलेली असतात. कुणाला वारस हवाय, म्हणजे मुलं अमेरिकेत, क्लायंट इथं. कुणाला पुण्यात पाय ठेवायचाय. कुणाकडं जीएसटीची केस लढणारा माणूस नाही, कुणाकडं तोच आहे पण ऑडिट नाही. आणि बऱ्याच जणांना बँकेचं ऑडिट हवं असतं. ब्रँच ऑडिटच्या पॅनलसाठी एमईएफ (पॅनलवर नाव यावं म्हणून इन्स्टिट्यूटकडं भरायचा फॉर्म) भरताना पूर्ण वेळ पार्टनर किती, फर्म किती जुनी, हे सगळं मोजलं जातं, आणि रिझर्व्ह बँकेनं २७ एप्रिल २०२१ ला जे नियम आणले त्यात अर्बन बँकांच्या ऑडिटरसाठीसुद्धा बँकेच्या आकाराप्रमाणं पार्टनर आणि स्टाफची किमान संख्या लागते, त्यामुळं सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या पट्ट्यात, जिथं गावोगावी अर्बन बँका आहेत, तिथं छोट्या फर्मना एकत्र यायचा विचार करणं भागच पडलंय.

यात गैर काही नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की एम्पॅनलमेंट, म्हणजे पॅनलवर नाव येणं, हे एकच कारण असेल तर थांबा. कागदावर पाच पार्टनर आणि प्रत्यक्षात पाच जण आपापल्या गाळ्यात आपापलं काम करतायत, कुणी कुणाची वर्किंग पेपरची (ऑडिटच्या नोंदी-पुराव्यांची) फाईल बघत नाही, पण सही मात्र एकाच फर्मच्या नावानं, यात धोका खूप मोठा आहे. कंपनीच्या ऑडिटमध्ये गफलत निघाली तर दिवाणी जबाबदारी नुसत्या सही करणाऱ्या पार्टनरवर थांबेलच असं नाही, फर्मही त्यात ओढली जाते.

आपल्या आकड्यांचं एक पान

मर्जरच्या गप्पांत पहिला प्रश्न येतो "टर्नओव्हर किती?" आणि आपण ग्रॉस फी सांगतो. ग्रॉस फीवरून फारसं काही कळत नाही.

उदाहरण घेऊ. समजा तुमची फी ९० लाख, खर्च ५० लाख, दोन पार्टनर, म्हणजे प्रत्येकाला २० लाख. समोरच्यांची फी ६० लाख, खर्च २४ लाख, दोन पार्टनर, प्रत्येकी १८ लाख. वरवर बघता जवळजवळ सारखंच. पण त्यांचं ऑफिस पार्टनरच्या स्वतःच्या मालकीचं आहे आणि भाडं लावलेलंच नाही, बाजारभावानं ते वर्षाला ६ लाख होतं, ते धरलं की प्रत्येकी १५ लाख झाले. आणि तुमच्या ९० मध्ये १२ लाख एका सबसिडीच्या कामाचे आहेत जे परत येणार नाही, म्हणजे खरा आकडा ७८, आणि खर्च तर तेवढाच राहणार, मग प्रत्येकी १४ लाख. आता दोघं कुठं आहेत बघा. हे गणित समोरच्यांनी मांडायच्या आत आपण स्वतः मांडलेलं असावं.

शिवाय कुणी कॅश बेसिसवर (पैसे हातात आले की फी धरायची) पुस्तकं ठेवतं, कुणी मर्कंटाइलवर (बिल झालं की धरायची), ते एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका. तीन वर्षांची फी घ्या, २६एएस (इन्कम टॅक्सकडचा टीडीएसचा उतारा) आणि जीएसटी रिटर्नशी मेळ घाला (आपण क्लायंटचा मेळ घालतो, स्वतःचा क्वचितच घालतो), आणि पानावर एवढं तरी आणा: ऑडिट, टॅक्स, जीएसटी, अकाउंटिंग असा फीचा फोड, सगळ्यात मोठ्या दहा क्लायंटकडून किती टक्के येते, एक वर्षापेक्षा जुनी उधारी किती, कुठला पार्टनर किती फी सांभाळतो. उधारीबद्दल जरा जास्त बोलतो कारण आपल्याकडं ओळखीपोटी फी सोडायची सवय फार. "पुढच्या वेळी बघू" म्हणत चार-चार वर्षं बिल थकलेलं असतं आणि आपण ते येणं म्हणून धरतो. जे येणार नाही ते स्वतःच्या हातानं काढून टाका आणि मगच आकडा सांगा, कारण एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

अजून एक रकाना मी घालतो जो कुणी घालत नाही, क्लायंटला अडचण आली की तो फोन कुणाला करतो. पार्टनरला, की ऑफिसातल्या जुन्या अकाउंटंट काकांना? काकांना करत असेल तर ती फी खरी काकांच्या जिवावर आहे, आणि मर्जरनंतर काका राहिले नाहीत तर ती राहीलच असं समजू नका.

क्लायंटची नावं अजून नाहीत

हे नवीन लोकांना सगळ्यात जास्त सांगावं लागतं. चार्टर्ड अकाउंटंट्स अॅक्ट, १९४९ च्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये पहिल्या भागातलं पहिलंच कलम आहे, कामाच्या निमित्तानं मिळालेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितली तर ते प्रोफेशनल मिसकंडक्ट. समोरचा पण सीए आहे, उद्या आपला पार्टनर होणार आहे, हे कारण तिथं चालत नाही, आज तो बाहेरचाच आहे. गोपनीयतेचा करार जरूर करा, पहिल्या आकड्याच्या आधीच करा, पण तो तुमच्या दोघांतला करार आहे, क्लायंटची संमती नव्हे. तेव्हा यादी द्यायची ती "क्लायंट १, कापड दुकान, टॅक्स ऑडिट, फी या गटात" अशी, नावं नाहीत, पॅन नाही, आणि चुकून एक्सेल शीटची दुसरी टॅब तशीच जाणार नाही हे बघून मगच पाठवा, किंवा सरळ छापून द्या.

कुठं अडकणार ते आधीच शोधा

आमची पहिली बोलणी शेवटी मोडली ती इथं. आम्ही एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं ऑडिट करत होतो, आणि समोरच्यांच्या ऑफिसात त्याच कंपनीची पुस्तकं लिहिली जात होती. कंपनीज अॅक्ट, २०१३ च्या सेक्शन १४४ प्रमाणं ऑडिटरला त्याच कंपनीचं अकाउंटिंग करता येत नाही, म्हणजे एकत्र आलो की दोनपैकी एक काम सोडायलाच हवं. अशी एक नाही, त्या ग्रुपच्या चार कंपन्या निघाल्या, आमचं ऑडिट सगळ्यांचं, त्यांचं अकाउंटिंग आणि इंटर्नल ऑडिट सगळ्यांचं, आणि कुणी कुठलं काम सोडायचं यावर पाचव्या महिन्यात मन कडू झालं. पहिल्या महिन्यात कळलं असतं तर निदान चांगल्या मनानं निरोप घेतला असता.

नावं न सांगता हे तपासायचं कसं? कंपनीचा ऑडिटर कोण हे तसंही एमसीएच्या (कंपनी मंत्रालयाच्या) रेकॉर्डवर असतं, ती माहिती गुप्त नाही. मग दोघांनी फक्त आपापल्या कंपनी ऑडिटची यादी एकमेकांना द्यायची, समोरच्यानं ती आपल्या कामांशी ताडून बघायची आणि उत्तर फक्त आकड्यात द्यायचं, "चार ठिकाणी अडचण आहे, फीचा मोठा भाग आहे" एवढंच. कुठलं काम, काय काम, हे नंतर, क्लायंटला विचारून.

ताडताना नुसतं सेक्शन १४४ बघू नका. पार्टनरच्या नावावर त्या कंपनीचा एकसुद्धा शेअर असेल तर फर्म अपात्र होते, नातेवाइकाला दर्शनी किमतीनं १ लाखापर्यंतच्या शेअरची सूट आहे पण पार्टनरला नाही, आणि कंपनीकडून ५ लाखांपेक्षा जास्त उसने घेतले असतील तरी तेच. लिस्टेड कंपनीचे शेअर लोक वर्षानुवर्षं डीमॅटमध्ये विसरून गेलेले असतात, तेव्हा प्रत्येक पार्टनरनं आणि घरच्यांनी स्टेटमेंट काढून बघायचं. रोटेशनचं पण बघा. लिस्टेड आणि ठरावीक आकारावरच्या कंपन्यांत फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोन टर्म, मग पाच वर्षं बाहेर. समोरची फर्म १० वर्षं पूर्ण करून बाहेर पडली आणि तिथं तुमची नेमणूक व्हायची बोलणी चाललीयत, तर सामाईक पार्टनर झाल्यावर ती नेमणूक अडचणीत येते. बँकांत तीन वर्षं सलग आणि मग सहा वर्षांची विश्रांती, तिथंही एकानं नुकतीच सोडलेली बँक दुसऱ्याच्या पुढच्या वर्षाच्या फीमध्ये धरून ठेवू नका.

माणसं

दोन ऑफिसांत मिळून किती माणसं होतात ते मोजा. तुमच्याकडं सात आणि त्यांच्याकडं सहा असतील तर एकत्र १३, आणि १० ला ग्रॅच्युइटी लागू होते, २० ला पीएफ. जुन्या माणसांची जुनी वर्षं नवीन फर्म धरणार का, हा प्रश्न पैशाचाही आहे आणि मनाचाही. पगारातली तफावत पण आत्ताच बघून ठेवा, पुण्याच्या ऑफिसातला दोन वर्षांचा मुलगा सांगलीच्या १५ वर्षांच्या माणसाएवढा पगार घेत असेल तर ते एकत्र आल्यावर आठवड्यात सगळ्यांना कळतं.

स्टाफला कधी सांगायचं? पहिल्या भेटीआधी नको, पण बाहेरून कळायच्या आत नक्की. आमच्याकडच्या काकांना एका क्लायंटच्या तोंडून कळलं, ते २२ वर्षं आमच्याकडं होते, त्यांनी राजीनामा वगैरे काही दिला नाही, फक्त संध्याकाळी किल्ल्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "मला विचारायचं नव्हतं, सांगायचं तर होतं." अजून बोचतं ते मला. आर्टिकल मुलांचंही (सीए करताना फर्ममध्ये प्रशिक्षण घेणाऱ्यांचं) लक्षात ठेवा, त्यांचं रजिस्ट्रेशन ज्या पार्टनरकडं आहे तो पुढं कुठं बसणार हे त्यांच्या पालकांना विचारायचा हक्क आहे.

प्रत्यक्ष भेट

वेळ निवडा. जुलै ते ऑक्टोबर विसरा, डिसेंबरअखेर जीएसटीचं वार्षिक रिटर्न, मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ब्रँच ऑडिट, मग उरतं ते जानेवारी-फेब्रुवारी किंवा मे. जागा दोघांच्याही ऑफिसात नको. दोन्हीकडून सगळे पार्टनर, नुसते सीनियर नाहीत, कारण पुढची २० वर्षं ज्युनियरांनाच एकत्र काढायचीयत.

पहिल्या भेटीत नाव आणि टक्केवारी हे दोन विषय काढायचे नाहीत असं आधीच ठरवून घ्या. मग बोलायचं काय? मी एक प्रश्न नेहमी विचारतो, "गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठलं काम नाकारलंत, आणि का?" नावं न घेता. स्टॉक न बघता सर्टिफिकेट मागणारा, बॅलन्स शीटला बँकेपुरती वेगळी आवृत्ती मागणारा क्लायंट प्रत्येकाकडं येतो, त्याला काय उत्तर दिलं यावरून समोरच्याची सही कशी आहे ते कळतं. उत्तर "आम्ही कुणाला नाही म्हणत नाही" असं आलं तर आकडे कितीही चांगले असोत, मी पुढं जात नाही. दुसरा प्रश्न, इन्स्टिट्यूटची किंवा एनएफआरएची (ऑडिटरांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) काही नोटीस, क्लायंटचा दावा, तुमच्याच फर्मची इन्कम टॅक्सची केस चालू आहे का, आणि तो विचारायच्या आधी आपलं असेल ते आपण सांगून टाकायचं. पीअर रिव्ह्यू (आपल्या कामाची दुसऱ्या सीएनं केलेली तपासणी) झालाय का, सर्टिफिकेट कधीपर्यंत आहे, तेही.

मग सवयी. फी आगाऊ घेता की काम झाल्यावर, शनिवारी ऑफिस चालू असतं का, पार्टनर महिन्याला पैसे कसे उचलतात, पाच हजाराचा खर्च करायला दुसऱ्याला विचारावं लागतं का. हे किरकोळ वाटतं पण रोजची भांडणं इथंच होतात.

मध्ये कुणी जुळवून देणारा माणूस असेल आणि तो पुढच्या फीमध्ये टक्के मागत असेल तर तिथंच नको म्हणा. जो सीए नाही आणि नियमांत ठरवून दिलेल्या इतर व्यावसायिकांतही बसत नाही, अशा माणसाला फीमध्ये किंवा नफ्यात वाटा देणं त्याच सीए अॅक्टच्या पहिल्या शेड्यूलमध्ये मना आहे. निवृत्त पार्टनर किंवा दिवंगत पार्टनरचे वारस हा अपवाद त्याच कलमात आहे, आणि आमच्या सरांचं शेवटी याच वाटेनं नीट जमवता आलं, त्यांनी ६६ व्या वर्षी स्वतः तारीख ठरवून दिली.

भेट झाली की त्याच रात्री दोघांपैकी एकानं अर्ध्या पानाचं टिपण लिहायचं, काय बोललो, काय राहिलं, कोण काय बघणार, यातलं काहीही बंधनकारक नाही ही ओळ घालून समोरच्यांना पाठवायचं आणि त्यांनी दुरुस्त करून परत द्यायचं. तिसऱ्या भेटीची तारीख आणि "या दिवसापर्यंत हो किंवा नाही" अशी एक तारीख पहिल्याच टिपणात टाका, आमची पहिली बोलणी पाच महिने लोंबकळली कारण अशी तारीखच नव्हती. हो ठरलं तर मग इन्स्टिट्यूटचे मर्जर-डिमर्जरचे चालू नियम पुढ्यात घेऊन बसायचं, त्यात फर्मची ज्येष्ठता कशी धरतात, जुन्या नावाचं काय होतं, पुढं वेगळं व्हायचं झालं तर कसं, हे सगळं आहे. नाही ठरलं तर एकमेकांचे कागद परत द्यायचे, ईमेलवरच्या फायली काढून टाकल्याचं दोन ओळीत लिहून कळवायचं, आणि स्टाफला ज्या दिवशी सांगितलं होतं तसंच "नाही जमलं" हेही आपणच सांगायचं.